नववा भाग आणि गच्चीवरच्या कुरडया

अक्कांना फसवू शकेल असा रहस्यकथालेखक अजून जन्माला यायचाय, आणि अक्कांच्या गच्चीवरून कुरडई पळवेल असा कावळा तर जन्माला यायचाच नाही, असं मी गेल्या वर्षीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. अक्का म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. धुळ्याच्या देवपुरात त्यांचं दुमजली घर आहे. वर त्या, खाली भाड्यानं मी. मी शाळेत शिकवते म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव पुसून टाकलं आणि 'मास्तरीण' असं नवं ठेवलं. स्वतः त्या पोस्टाच्या खिडकीमागे उभी हयात बसलेल्या. बोलणं शहरी, तोलून मापून. पण चिडल्या किंवा हळव्या झाल्या की थेट माहेरच्या चोपडा तालुक्यातली अहिराणी बाहेर येते. त्यामुळे अक्का रागावल्यात की गहिवरल्यात हे कळायला मला पहिली दोन वर्षं लागली.

वर्षाचे अकरा महिने ही बाई तुमच्या आमच्यासारखी असते. भाजी निवडते, पाण्याच्या मोटारीवरून भांडते, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरली, पूजली, पुरणपोळी खाऊन झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा महिना सुरू होतो. हा महिना रहस्यकथांचा. त्यातही त्यांची आवड भारी सोज्ज्वळ. रक्ताचे पाट नकोत, पोलिसांच्या शिव्या नकोत. लहानसं गाव असावं, एखादी बेकरी किंवा शिवणक्लास असावा, तिथल्या एखाद्या चौकस बाईनं चहा पिता पिता खुनी शोधून काढावा. अशा मालिका, आठ-आठ दहा-दहा भागांच्या, बहुतेक अनुवादित, त्या वर्षभर जमवून ठेवतात आणि मृगाचे ढग दिसेपर्यंत फडशा पाडतात. नोकरीत होत्या तेव्हा वर्षाची सगळी रजा त्या याच महिन्यात घ्यायच्या. घरात लग्न निघालं तरी त्यातला एक दिवस मोडायच्या नाहीत. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला म्हणे त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर फक्त जेवायला गेल्या होत्या.

आता हाच महिना वाळवणांचाही. आमच्या गल्लीत सगळ्यात मोठी, सगळ्यात उघडी गच्ची अक्कांची. म्हणून फार वर्षांपासूनचा करार असा, की गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपल्या कुरडया, ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड अक्कांच्या गच्चीवर आणून घालायचे आणि राखण अक्कांनी करायची. त्या बदल्यात त्यांना दिवसभर कुणी हाक मारायची नाही. धुळ्याचं ते ऊन! चप्पल काढून गच्चीवर पाय ठेवला तर तळपायाचा बिबडा व्हावा. तिथे जिन्याच्या खोलीच्या वीतभर सावलीत अक्का खुर्ची टाकून बसतात. डोक्याला ओला पंचा, शेजारी माठ, मांडीवर पुस्तक, आणि उजव्या हातात काळं फडकं बांधलेली लांब काठी. मी स्वतः पाहिलंय, डोळे पुस्तकातच असतात, पान उलटलं जातं, आणि काठी मात्र बरोबर त्याच कुरडईच्या वर फिरते जिच्यावर कावळ्याचा डोळा आहे. एकदा मी विचारलं, "अक्का, न बघता कळतं कसं?" तर म्हणाल्या, "चोर हात घालायच्या आधी गप्प होतो. कावळा असो नाहीतर माणूस." मी त्या दिवशी घरी येऊन हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

वाचण्याची पद्धतही ऐका. कुठलंही पुस्तक असो, चाळिसाव्या पानावर अक्का थांबतात. कागदाच्या चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहितात, चिठ्ठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात, तोंडाला फडक्याचा दादरा बांधतात आणि मग पुढे वाचतात. पुस्तक संपलं की बरणी उघडायची. मी माझ्या डोळ्यांनी साठेक चिठ्ठ्या उघडताना पाहिल्या असतील. एक चुकली असेल तर शपथ! ही विद्या फक्त पुस्तकापुरती नव्हे. समोरच्या वहिनींचे रोज पाच-सहा बिबडे कमी भरायला लागले तेव्हा त्या बिचाऱ्या कामवालीवर संशय घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. अक्कांनी पुस्तकातून मान वर न काढता विचारलं, "ताटं खाली न्यायला रोज कोण येतं?" वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "आमचे हे येतात ना! हल्ली फार मदत करतात." अक्का म्हणाल्या, "वीस वर्षांत ज्यानं पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो आपण होऊन ताटं उचलायला लागला. अजून काय पुरावा पाहिजे?" संध्याकाळी साखर वाढलेल्या त्या गृहस्थांच्या लेंग्याच्या खिशात भाजलेल्या बिबड्यांचा चुरा सापडला. कामवालीला अक्कांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम वर बोलावून कुरडयांचा गरम चीक खाऊ घातला.

अशा या बाईला जगात एकच माणूस छळू शकत असे. ते म्हणजे नाना, त्यांचे यजमान. नाना चित्रकलेचे मास्तर. कानावर कायम पेन्सिल, आणि जन्मात एक कादंबरी सुरुवातीपासून वाचलेली नाही. अक्कांनी नवं पुस्तक आणलं की नाना ते गुपचूप पळवायचे, शेवटचं तेवढं पान वाचायचे, खरा गुन्हेगार बघून घ्यायचे, आणि मग पहिल्या पानावर भलत्याच कुणाचं तरी नाव सुंदर अक्षरात लिहून ठेवायचे. "खून माळ्यानं केला. तुझा शुभचिंतक." अक्का आरडाओरडा करायच्या, पण ते पान खोडरबरानं पुसायच्या नाहीत. उलट मला म्हणायच्या, "बरं असतं गं. नानांनी नाव लिहिलं की तेवढा एक माणूस निर्दोष सुटला. खोटं लिहितात, पण इमानदारीनं खोटं लिहितात." संसाराच्या इतक्या वर्षांत नानांनी एकदाही खरं नाव लिहिलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा; मी तरी याला प्रेम म्हणते.

अक्कांना भुताखेतांच्या कथांचा मात्र मनस्वी तिटकारा. "ज्याला खुनी सापडत नाही तो लेखक भूत आणतो," हे त्यांचं मत. आणि नेमकं एका हिवाळ्यात नाना जळगावच्या ग्रंथप्रदर्शनातून नऊ भागांचा एक संच घेऊन आले. त्यात डोंगरातल्या गावात खानावळ चालवणारी एक विधवा असते, आणि तिच्या नवऱ्याचं भूत फडताळात राहून तिला गुन्हेगार शोधायला मदत करतं. अक्कांनी संच बघितला आणि कडाडल्या, "भूत-बीत काही नई ऱ्हास! ठी दे तिकडे!" नानांनी मुकाट्यानं नऊही भाग आपल्या पलंगाशेजारच्या फळीवर लावून ठेवले.

त्यानंतरच्याच मे महिन्यातली गोष्ट. अक्का गच्चीवर, शेवटचं प्रकरण रंगात आलेलं. खालून नानांनी हाक मारली, "अगं, जरा खाली ये." अक्का म्हणाल्या, "दोन पानं राहिलीत." दोन पानं वाचून त्या खाली आल्या तेव्हा नाना छाती धरून जमिनीवर बसलेले होते. दवाखाना झाला, नाना घरी आले, वीस दिवस पलंगावर होते, आणि गेले. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. अक्कांनी ऐकून घेतलं, पटवून घेतलं नाही. त्या वीस दिवसांत नाना त्या दोन पानांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि अक्कांनाही विचारायचं धैर्य झालं नाही. दहाव्याला पांझरा नदीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. दुपार कलली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. परत येताना रिक्षात अक्का मला म्हणाल्या, "कुठून येतील? जनमभर मीच हाकललेत. धुळ्याचे बठ्ठे कावळे माले वळखतस." मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं आणि मला फार लाज वाटली.

पुढच्या आखाजीनंतर अक्का गच्चीवर बसल्या त्या तो भुताचा संच घेऊन. मी चकितच झाले. पहिला भाग उघडला आणि पहिल्या पानावर पेन्सिलीतलं अक्षर! "खून टपालवाल्यानं केला. तुझा शुभचिंतक." नानांनी आजारपणात, पलंगावर पडल्या पडल्या, संच हाताळला होता. दुसऱ्या भागातही होतं, तिसऱ्यातही. एका महिन्यात तीन-तीन मालिका संपवणारी ही बाई त्या वर्षी चार भागांवर थांबली, पुढच्या वर्षी आणखी चार. मिठाईचा डबा पुरवून पुरवून खावा तसं चाललं होतं. आठव्या भागातलं अक्षर मात्र वाकडंतिकडं होतं, नाव अर्धवटच, आणि सहीही नव्हती.

नववा भाग गेल्या वर्षीचा. महिना सरत आला तरी अक्कांनी तो उघडला नव्हता. त्यात डोळे. उजवा काचबिंदूनं आधीच गेलेला, डाव्यात मोतीबिंदू पिकलेला, आणि सोमवारी ऑपरेशन ठरलेलं. उरलासुरला तेवढा एकच डोळा. मी म्हटलं, "अक्का, ऑपरेशन होऊ द्या, मग निवांत वाचा." तर म्हणाल्या, "आणि काही बिघडलं तर? त्यांचं अक्षर मला माझ्या डोळ्यानं बघायचंय." मग उघडत का नाही, असं विचारलं तेव्हा त्यांनी बरणी पुढे केली. चिठ्ठी आधीच टाकून झाली होती. "आठव्यात हात थकला होता," त्या खटल्यातल्या वकिलासारख्या पुरावे मांडू लागल्या, "नाव अर्धं राहिलं. म्हणजे नवव्यापर्यंत पोचलेच नाहीत. आणि पोचले असते तरी... मास्तरीण, माणूस मनातून रागावलेला असला तर शेवटी काही लिहील का?" तीन वर्षं त्या कशाला घाबरत होत्या ते मला तेव्हा कुठे कळलं. मला रडूच कोसळलं. त्या मात्र काठी हलवून एक कावळा हाकलून मोकळ्या झाल्या.

रविवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. वाळवणांचा शेवटचा घाणा होता. गल्लीभराच्या ओल्या कुरडया धोतरांवर पसरलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. अक्कांनी नववा भाग मांडीवर घेतला, देवाला केला तसा नमस्कार केला, आणि पहिलं पान उघडलं. भिंग लावलं. पान डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, उन्हात धरलं.

"काही लिखेल शे का?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"आहे अक्का."

"माले रेघा दिखतस. अक्षर नई लागत. वाच ना वं."

अक्षर खरंच वाईट होतं. पण पूर्ण होतं. मी वाचलं, "सगळ्या भागांतली गुन्हेगार एकच. पोस्टातली बाई. तुझा शुभचिंतक."

अक्कांनी त्या ओळीवरून हळूहळू बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मला राहवेना. मी म्हटलं, "अक्का, नानांनी ज्याचं नाव लिहिलं तो कोण असतो?"

"निर्दोष," त्या म्हणाल्या. आणि मग जी रडली ती बाई! पदर तोंडात धरून, खुर्चीत पुढे मागे होत, हसत हसत रडली. "मेला खोटारडा," म्हणत होती, "इमानदार खोटारडा." मी बरणीतली चिठ्ठी काढली. तीत लिहिलं होतं, 'कोरं पान'. अक्कांची मी पाहिलेली पहिली चुकलेली चिठ्ठी.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गच्ची गप्प झाली होती. कठड्यावरून एक कावळा उतरला, मग दुसरा, मग पाच-सहा. काठी अक्कांच्या पायाशी पडलेली. मी धावले, काठी उचलली, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "खाऊ दे आज त्यासले."

आम्ही दोघी त्या वीतभर सावलीत बसून राहिलो आणि कावळे पोटभर जेवले. संध्याकाळी गल्लीतल्या बायका वर आल्या आणि निम्म्या कुरडया फस्त झालेल्या बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अक्का, तुमच्या राखणीत? कुणी केलं हे?" अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "पोस्टातल्या बाईनं." कुणाला काही समजलं नाही. ऑपरेशनच्या काळजीनं म्हातारीचं डोकं फिरलं, असं वहिनी जिन्यात कुजबुजल्या.

डोळा सुखरूप आहे. पट्टी निघाल्यावर अक्कांनी सगळ्यात आधी ते पान बघितलं, आणि मग गल्लीतल्या प्रत्येक घराला स्वतः गहू भिजवून कुरडया करून दिल्या. नववा भाग त्यांनी अजून पुढे वाचलेला नाही. फडताळातलं ते भूत शेवटी राहतं की जातं, हे मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. यंदाही आखाजी झाली, अक्का गच्चीवर बसल्या, काठी तशीच न बघता फिरते आहे. फक्त पांझरेकडच्या कठड्यावर चार कुरडया वेगळ्या ठेवलेल्या असतात. तिकडे ती काठी वळत नाही.