याकूबभाईंच्या नावावरची मुकी सीडी

नांदुऱ्याच्या याकूबभाईंना मी पहिल्यांदा भेटले ती भांडायला. पिंपळगाव राजाला आमच्या घरी थोरल्या बहिणीच्या लग्नाची डिस्क आली होती आणि तिच्यात बिदाईच्या वेळचं आईचं रडणं जेमतेम ऐकू येत होतं. मी बी.ए. झालेली, वर संगणकाचा कोर्स केलेली, म्हणजे स्वतःला बरंच काही समजणारी. तडक बस धरली आणि त्यांच्या स्टुडिओत जाऊन तावातावाने जाब विचारला. याकूबभाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि मूळ टेप लावली. तिच्यात आईचा आवाज चांगला खणखणीत होता. सख्खे भाऊ लग्नाला आले नाहीत म्हणून ती रडता रडता त्यांचा उद्धार करत होती. ‘‘मायचं रडणं घरातल्यासाठी असते, बाई. सीडी तं साऱ्या गावात फिरते,’’ ते म्हणाले. मी मान खाली घालून चहा प्याले. निघताना त्यांनीच विचारलं, काम करशील का? आठ दिवसांनी मी तिथे रुजू झाले.

याकूबभाईंना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. जिल्ह्यातल्या फोटो-व्हिडिओ व्यावसायिकांनी त्यानिमित्त हा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यांच्या कामाविषयी लिहिण्याचं माझ्याकडे आलं. कामाविषयी लिहितेच. पण आपल्यापैकी अनेकांना त्यांच्या नावाबरोबर दुसरंही काही आठवतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या भागात कोणाच्या टीव्हीचा आवाज गेला की अजूनही लोक हसत विचारतात, ‘याकूबभाईची सीडी लावली काय?’ त्या मुक्या सीडीची खरी हकीकत इतकी वर्षं तिघांनाच माहीत होती: याकूबभाई, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या चाची, आणि मी. ती सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक लिहायचा मला अधिकार नाही.

त्यांनी सुरुवात केली ती भोंगे आणि रेडिओ दुरुस्तीपासून. मग टेप आल्या, व्हिडिओ आला आणि शेवटी संगणकावर डिस्क तयार करण्याचं काम आलं. प्रत्येक नवी विद्या त्यांनी पुस्तकाशिवाय, यंत्रं उघडून आणि बिघडवून शिकली. सहा वाटांचा आवाज, म्हणजे घरच्या थिएटरात चारी बाजूंनी येतो तो, जिल्ह्यात पहिल्यांदा डिस्कवर कोणी एन्कोड करून बसवला असेल तर तो त्यांनी, असं माझं मत आहे. मला तो शिकवताना त्यांनी स्टुडिओत पाच खुर्च्या मांडल्या, तीन समोर, दोन मागे, आणि जमिनीवर एक ढोलकी ठेवली. मला मधोमध बसवलं. समोरच्या मधल्या खुर्चीवर स्वतः बसून म्हणाले की बोलणारा माणूस इथे बसतो. दोन्ही बाजूंना वाजंत्री, मागे गर्दीची कुजबुज आणि ढोलकी फक्त ठोक्यापुरती. मधल्या खुर्चीतला माणूस उठून गेला तर बाकी सगळा नुसता गोंगाट, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

त्यांचा एक नेम होता. डिस्कवर सहा वाटांचा ट्रॅक असला तरी त्याच्या आधी साधा, दोन वाटांचा ट्रॅक असलाच पाहिजे. आणि कोणतीही डिस्क गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी स्टेशन रोडवरच्या चहाच्या हॉटेलात नेऊन तिथल्या टीव्हीवर लावायची. त्या टीव्हीचा एक स्पीकर फाटलेला, दुसरा खरखरणारा, आणि वर स्टोव्हचा आवाज. तिथे नवरीचं नाव ऐकू आलं तर डिस्क पास. आमच्याकडे सहा चांगले स्पीकर असताना ही कटकट कशाला, असं मी एकदा विचारलं. आपली डिस्क लोक आपल्या स्टुडिओत येऊन पाहत नाहीत, एवढंच उत्तर मिळालं.

माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच नजर. मुलीने स्टुडिओत काम करावं हे माझ्या वडिलांच्या मनाला पटत नव्हतं. मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते काही न कळवता नांदुऱ्याला येऊन थडकले. तिसऱ्या दिवशी मी गेले तर माझा संगणक याकूबभाईंनी आतल्या खोलीतून उचलून पुढच्या काचेच्या दारापाशी आणून ठेवलेला. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही मी कामावर बसलेली दिसावी. धुळीने त्या संगणकाचा पंखा दोनदा बंद पडला, पण त्याची जागा त्यांनी बदलली नाही. चाची दुपारी डबा पाठवत, आणि माझ्या उपासाच्या दिवशी त्यात न चुकता भगर असे.

आता त्या सीडीकडे येते.

बीटी कपाशी नवी नवी होती ती वर्षं. बोंडअळी गेली, आता फवारणी संपली, असं वाटून लोकांनी ते बियाणं घेतलं. अळी गेली, पण मावा, तुडतुडे, फुलकिडे आले आणि पाठीवरचा पंप काही सुटला नाही. औषधं दर हंगामाला नवी आणि जहाल, बाटलीच्या चिठ्ठीवरची अक्षरं मुंगीएवढी. फवारताना माणसं घेरी येऊन पडत होती. तेव्हा आमच्याच पिंपळगावच्या एका शेतकरी गटाने ठरवलं की फवारणी कशी करावी याची वीस मिनिटांची डिस्क काढायची, आपल्याच बोलीत, आणि घरोघर वाटायची. काम याकूबभाईंकडे आलं. त्यांनी आधी चुकीची रीत दाखवायची आणि मग बरोबर, असं ठरवलं. हाताने औषध कालवणारा, वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून फवारणारा माणूस, आणि त्यावर गटातल्याच एका बाईचा आवाज: असं करू नका.

शूटिंग झालं आणि देऊळघाटला त्यांचे मेहुणे वारले. ते तिकडे गेले. जाताना डिस्क पुरी करायला मला सांगून गेले. शेतकऱ्यांचा मेळावा पाच दिवसांवर होता.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला त्या डिस्कमधून माझी हुशारी दाखवायची होती. पंपाचा फुसफुसाट मी मागच्या दोन खुर्च्यांत फिरवला, पानांची सळसळ डावीकडून उजवीकडे नेली आणि बाईचा आवाज एकटा, स्वच्छ, मधल्या खुर्चीत ठेवला. स्टुडिओत ऐकताना अंगावर काटा आला. साध्या ट्रॅकसाठी सगळं पुन्हा मिसळून एन्कोड करावं लागणार होतं, तो मी घातलाच नाही. आता खेड्यातही नवे प्लेअर आलेत, म्हटलं. चहाच्या हॉटेलातही गेले नाही. साठ प्रती काढल्या आणि मेळाव्यात वाटून टाकल्या.

प्लेअर नवे होते हे खरंच. त्यांच्या मागे सहा भोकं होती. लोक त्यातली दोनच, लाल आणि पांढरी वायर लावून, टीव्हीला जोडत. पण ते स्वस्तातले प्लेअर कारखान्यातूनच घरात सहा स्पीकर आहेत असं समजून आलेले. मधल्या खुर्चीचा आवाज तिसऱ्या भोकाकडे जाई आणि तिथे काहीच जोडलेलं नसे. घरोघर माझी डिस्क लागली ती अशी: संगीत छान, पानं छान, आणि बोलणारी बाई गायब. एक माणूस हाताने औषध कालवतोय, वाऱ्याच्या तोंडाला फवारतोय, आणि ‘असं करू नका’ म्हणायला कोणी नाही.

पिंपळगावचे त्र्यंबकराव सरळ माणूस. वाऱ्याकडे पाठ करून फवारणं ते वडिलांकडून शिकले होते. डिस्क पाहिली आणि त्यांना वाटलं, आधी दाखवली ती नव्या औषधाची नवी रीत असेल आणि नंतरची आपली जुनीच. वाऱ्याकडे तोंड करून त्यांनी अर्धं वावर फवारलं. आठ दिवस खामगावला दवाखान्यात होते. जीव वाचला. उजव्या डोळ्याची नजर मात्र पुरती परत आली नाही.

बातमी आली तेव्हा याकूबभाई देऊळघाटहून नुकतेच परतले होते. त्यांनी ती डिस्क उचलली आणि हॉटेलातल्या टीव्हीवर लावली. मी बाजूला उभी होते. एक मिनिट पाहून त्यांनी बंद केली. मला वाटलं, आता मला उभी चिरतील. ते म्हणाले की साधा ट्रॅक बनव, आत्ता, आणि मी इथेच बसतो. साठच्या साठ प्रती नव्याने निघाल्या. मग आठ दिवस मोटारसायकलवर ते गावोगाव हिंडले. घरात जायचं, जुनी डिस्क मागून घ्यायची, नवी लावायची, बाईचा आवाज घरच्यांनी ऐकला म्हणजेच उठायचं.

त्र्यंबकरावांच्या घरी मी त्यांच्यासोबत होते. त्यांच्या बायकोने दारातच विचारलं, ‘‘सीडीत तसंच तं दाखवलं होतं, भाऊ. मंग आमचं काय चुकलं?’’ याकूबभाईंनी हात जोडले. ‘‘तुमचं काईच नाही चुकलं, ताई. चूक माह्यी हाय.’’ अंगणात पंधरा-वीस माणसं होती. मी याकूबभाईंच्या मागे उभी होते आणि गप्प राहिले.

परतताना मी रडत म्हटलं की उद्या मी जाऊन खरं सांगते. त्यांनी मला गप्प केलं. ‘‘तुह्यं लगन व्हायचं हाय. हे नाव तुले लागलं तं जन्मभर पुसणार नाही.’’ मी ऐकलं, कारण ऐकणं सोयीचं होतं. हे आज स्पष्ट लिहिते. पुढे माझं लग्न झालं आणि खामगावात माझा स्टुडिओ उभा राहिला. संस्थांची, मेळाव्यांची कामं याकूबभाईंना मिळेनाशी झाली होती, कारण ‘ते मुकी सीडी बनवतात’. त्यातली कितीतरी माझ्याकडे आली. त्यांनीच शिकवलेल्या कामावर माझं नाव झालं. दर ईदला मी शिरखुर्मा प्यायला जात असे आणि ते माझ्या कामाची चौकशी करत. त्यांच्या तोंडून कधी एक वाकडा शब्द आला नाही. आला असता तर मला सोपं गेलं असतं.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी नांदुऱ्याला गेले आणि सांगितलं की चाचा, आता मी लिहिणार, तुम्ही अडवू नका. ते म्हणाले, ‘‘लिही. पण पैले त्र्यंबकले सांगून ये. त्याले पुस्तकात वाचाची पाळी नको.’’ माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी वाचकांचा विचार करत होते आणि ते त्या एका माणसाचा.

मी पिंपळगावला गेले. त्र्यंबकरावांनी सगळं ऐकलं. डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, ‘‘चाल नांदुऱ्याले.’’ याकूबभाईंच्या समोर बसून त्यांनी विचारलं, ‘‘इतके वर्स म्या तुमाले बोल लावला. काऊन नाही सांगतलं मले?’’

‘‘दुकानावर नाव माह्यं होतं,’’ याकूबभाई म्हणाले.

त्र्यंबकरावांनी त्यांचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. चाची आत निघून गेल्या. मी तिथे बसून मोठ्याने रडले, आणि या वेळी मला कोणी गप्प केलं नाही.

तेव्हा या ग्रंथाच्या सर्व वाचकांना सांगते: ती सीडी याकूबभाईंची नव्हती, ती मी, वंदनाने, बनवली होती. यापुढे कोणाचा टीव्ही मुका झाला तर गमतीने नाव माझं घ्यावं. चाचा, अल्ला तुम्हाला सुखरूप, ठणठणीत ठेवो. जितकी वर्षं लोक माझी चूक तुमच्या नावाने बोलले, निदान तितकी वर्षं तुम्ही अजून जगायला हवं, ती माझ्या नावाने बोलली जाताना ऐकायला.