रुमालाखालची बोटं

"रुमाल आणलाय का?"

पिंगळेबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गंगापूर रोडवरच्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांची टायपिंगची संस्था होती. मी जिना चढून गेलो तेव्हा माझं वय बावन्न होतं आणि डोकं तापलेलं होतं.

"मला सर्दी नाय झालेली," मी म्हणालो. "कॉम्प्युटर शिकायचाय."

"म्हणूनच विचारतेय. घरून मोठा, धुतलेला रुमाल घेऊन या. मग बसा."

दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन गेलो आणि आधी फीचा विषय काढला. मी तोवर आयुष्यात कुठलीही वस्तू सांगितल्या भावात घेतलेली नव्हती. लग्नात भटजींशीसुद्धा घासाघीस केली होती. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फी कमी होणार नाही. पण येईपर्यंत बसा, वर्ष लागलं तरी. त्याचे वेगळे घेणार नाही." मी खूश झालो. सौदा मारला असं वाटलं. या बाईनं मला पळून जायची वाटच बंद केली आहे, हे महिनाभरानं कळलं.

मी तिथं का गेलो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर बाई कळायच्या नाहीत. आमचं खेडं इगतपुरीच्या बाजूचं. सातवीत शाळा सुटली आणि मी बैलांच्या बाजारात दलाली शिकलो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते बैलाकडे बघून दोघांना ठाऊक असतं. सौदा चारचौघांत होतो आणि चारचौघांना पत्ता लागत नाही. पुढं बैल कमी झाले, तसा मी जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात आलो. सरकारी खाती आणि कारखाने ट्रॅक्टर, टँकर मोडीत काढायचे, त्या लिलावात मी उभा राहायचो. समोरच्याच्या मानेवरची शीर बघितली की मला कळायचं, हा अजून चढणार की संपला.

मग लिलाव ऑनलाइन गेले. मान नाही, शीर नाही, नुसते आकडे. माझे साडू बाळासाहेब म्हणाले, "दादा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी भरतो तुमचा फॉर्म." भरला. नाव माझं, आधार माझं, पॅन माझं. मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र त्यांचा. कशाला, तर "सोयीला". तीन वर्षं मी ट्रॅक्टर पारखायचो, बोली ठरवायचो आणि ओटीपीसाठी साडूंना फोन लावायचो. कधी ते जेवत असायचे, कधी गाडी चालवत असायचे. एकदा ओटीपी आला तोवर लिलाव संपला होता. आठ दिवसांनी तोच ट्रॅक्टर, मी पारखून ठेवलेला, बाळासाहेबांच्या अंगणात उभा दिसला.

पुतणीच्या साखरपुड्यात, पंगतीतच मी त्यांना जाब विचारला. बाळासाहेबांनी जिलेबी वाढून घेतली आणि म्हणाले, "दादा, जरा जपून बोला. तुमचा ओटीपी माझ्या खिशात आहे."

पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो. तो घास अजून माझ्या घशात आहे.

बाईंच्या वर्गात सगळ्यांचे हात रुमालाखाली असायचे. स्क्रीनच्या खालच्या कडेला रुमालाचं एक टोक चिकटवायचं, उरलेला कीबोर्डवर पसरायचा आणि त्याखाली हात घालून टाइप करायचं. नजर बटणांवर जाऊ नये म्हणून. "डोळे पडद्यावर, बोटं घरी," हे त्यांचं पालुपद. मधल्या ओळीला त्या घर म्हणायच्या. कुठलंही बोट कुठंही जाऊन आलं तरी परत घरी आलं पाहिजे. वर्गात कारकुनीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली होत्या. मखमलाबादकडची एक शेवंती पिकवणारी सून होती. फुलांच्या ऑर्डरीसाठी नवऱ्याच्या फोनची वाट बघायचा तिला कंटाळा आला होता. आणि एक मी.

बाई स्वतः टाइप करत नसत. संधिवातानं त्यांची बोटं वाकली होती, आल्याच्या गड्ड्यासारखी. खालून गिरणीचं पीठ उडून वर यायचं. रोज सकाळी त्या जुन्या टूथब्रशनं एकेक कीबोर्ड साफ करायच्या. वर्ग सुरू झाला की आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या आणि नुसतं ऐकायच्या. "टाइपरायटरवर मला चूक ऐकू यायची," त्या सांगत. "या मशिनवर चूक ऐकू येत नाही. थांबणं ऐकू येतं. आणि माणूस थांबतो तिथं त्याला काहीतरी येत नसतं."

मी फार थांबायचो. नाहीतर आपटायचो. पाठमोऱ्या बाई म्हणायच्या, "गोरखशेठ, ते बटण आहे. खुंटा नाही." पोरी खिदळायच्या.

आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी रुमाल ओढून भिरकावला. "आंधळ्यासारखं काय बसवता मला? देवानं डोळे दिलेत ना!"

बाईंनी रुमाल उचलला, झटकला, पीठ उडालं. "बैल घेताना कसं करता हो?" त्यांनी विचारलं. फीची घासाघीस करताना माझी धंद्याची सगळी बढाई मारून झाली होती, ती त्यांच्या लक्षात होती.

"तसं सांगता येत नाय. हात द्यावा लागंल."

बाईंनी रुमाल स्वतःच्या हातावर टाकला आणि पुढं केला. मी खाली हात घालून हळूच त्यांची तीन बोटं धरली. दुखतील म्हणून हळूच. बाईंनी क्षणभर विचार केला, बोटं सोडवून घेतली आणि माझा अख्खा पंजा धरला. घट्ट.

"पाच," त्या म्हणाल्या. "खाली येणार नाही."

मला हसू आवरेना. बाजारातले मुरलेले दलालसुद्धा पहिल्या दिवशी असं करत नाहीत.

"म्हणजे तुमची बोटं बघितल्याशिवाय बोलतात," बाई म्हणाल्या. "मग माझ्याकडे कसली रडगाणी गाता? हेही तेच. फक्त समोरचा हात प्लास्टिकचा आहे."

त्या दिवशी मी रुमालाखाली नीट चाचपून बघितलं. एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात. कोवळ्या गोऱ्ह्याला शिंगं फुटायला लागली की अशीच हाताला लागतात. ती दोन शिंगं सापडली की सगळं जनावर सापडतं. तिथून माझी गाडी चालायला लागली.

पण टाइप करता येणं वेगळं आणि आपलं खातं परत मिळवणं वेगळं. नंबर बदलायला गेलो तर जुन्या नंबरवर ओटीपी जाणार, आणि जुना नंबर साडूंच्या खिशात. लिलाव कंपनीला अर्ज करायचा, ओळखीची कागदपत्रं जोडायची, हाच मार्ग होता. मी बाईंना साडूंचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, "तुम्ही लिहून द्या. तुमची भाषा चांगली."

"मी लिहिलं तर मीच तुमचा साडू झाले."

वर्ग असा हसला की गिरणीवाला खालून ओरडला. पुढं तिथं ते वाक्यच झालं. कुणी कुणाचा पासवर्ड टाकून द्यायला पुढं झालं की पोरी म्हणायच्या, "ए, साडू होऊ नको."

अर्ज मी लिहिला. चार ओळींना दोन दिवस लागले. परत आला, आधारचा फोटो पुसट. पुन्हा पाठवला. परत आला, आधारवर गोरख आणि पॅनवर गोरक्ष. नाव एकसारखं करून घ्यायला दीड महिना गेला, तेही बाईंनी माझ्याच हातानं करवून घेतलं. तिसऱ्यांदा परत आला, फाइल मोठी झाली म्हणून. तेव्हा मी स्क्रीनला अशा शिव्या घातल्या की बैलबाजारानंही कान झाकले असते. बाई शांतपणे म्हणाल्या, "शिव्या टाइप करा. सराव होईल. फक्त पाठवू नका."

मी अर्धं पान शिव्या टाइप केल्या. एकही चूक नाही. बाईंनी चष्मा वर करून वाचल्या आणि म्हणाल्या, "वेग सुधारला."

चौथा अर्ज गेला. पंधरा दिवसांनी एका दुपारी वर्गात बसलो असताना माझ्या खिशातला फोन टुणकन वाजला. सहा आकडे. तीन वर्षांत पहिल्यांदा माझा ओटीपी माझ्या खिशात आला होता. मी तो टाकला आणि खातं उघडलं. नाव माझं, नंबर माझा. नवा पासवर्ड टाकताना बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. नेहमीपेक्षा जास्तच पाठमोऱ्या.

पहिला लिलाव मी तिथूनच खेळलो. चांगला ट्रॅक्टर होता, आदल्या दिवशी जाऊन गिअर घालून बघितला होता. माझा आकडा मनात पक्का होता. शेवटी दोघंच उरलो. स्क्रीनवर समोरच्याचं नाव दिसत नाही, पण हटून बोली चढवायची ती ढब मी ओळखली. तिला मानेची शीर लागत नाही. मी चढलो, समोरचा चढला. मी माझ्या आकड्यापर्यंत गेलो आणि हात उचलला.

"थांबलात," बाई खिडकीजवळून म्हणाल्या. "काही अडलं?"

"नाय बाई. इथंच थांबायचं होतं."

ट्रॅक्टर बाळासाहेबांनी नेला, त्याच्या लायकीपेक्षा महाग. त्या रात्री मी पोटभर जेवलो. पुढचे दोन लिलाव मी घेतले. वर्षाच्या आत विक्रीची माहिती, फोटो, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार सगळं मी स्वतः करायला लागलो. आता कळवण आणि पेठहूनही लोक फोटो बघून फोन करतात. जे बाजारात इतक्या वर्षांत जमलं नाही, ते त्या रुमालाखाली जमलं.

बाईंकडे मी जातच राहिलो. त्यांचे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ते गेल्यावर बाईंना पेन्शन यायची आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागायचा. मशिनवर बोट ठेवायचं. बाईंचं बोट उमटेना. चाळीस वर्षं बटणं दाबून ठसे झिजले होते. मशिन म्हणायचं, ही व्यक्ती जुळत नाही.

"हजारोंना बोटं दिली मी," बाई हसून म्हणाल्या. "माझी मला उरली नाहीत."

आता फोनवर चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. मी म्हणालो, "द्या इकडं, मी करतो." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हात मागं घेतला. वाकड्या बोटांनी त्यांनी एकेक अक्षर दाबलं. तब्बल अर्धा तास. मी फक्त खिडकीचं दार लोटलं, पाठीमागून उजेड येत होता म्हणून. फोननं डोळे मिचकवायला सांगितलं. बाईंनी दोन्ही डोळे मिटले आणि उघडले. खूण हिरवी झाली.

"बघा, आहे मी," त्या म्हणाल्या.

पुढच्या नोव्हेंबरला त्या नव्हत्या. झोपेतच गेल्या. मुलगी बाहेरगावाहून आली, तिनं संस्था आवरली. मी एक कीबोर्ड मागितला. तिनं फुकट दिला आणि मी भाव केला नाही. आयुष्यात एकदाच.

परवा बाळासाहेब माझ्या दुकानात आले. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच. खुर्ची ओढून बसले, चहा मागितला. मग विषयावर आले. त्यांचं खातं त्यांच्या सुनेनं काढलं होतं, स्वतःच्या नंबरवर. माझा फॉर्मही तेव्हा तिनंच भरला होता, हे मला आत्ता कळलं. सून मुलासोबत पुण्याला गेली, आता फोन उचलायला तिला वेळ नाही.

"दादा, तुम्हाला सगळं येतं म्हणतात. तेवढा नवा अर्ज भरून द्या ना."

खरं सांगतो, जिलेबी डोळ्यांसमोर आली. पंगतीचं हसू ऐकू आलं. ओठांवर आलेलं वाक्य गिळलं. शिव्या टाइप कराव्यात, पाठवू नयेत.

"मी भरणार नाय," मी म्हणालो. "मी भरला तर मी तुझा साडू."

बाळासाहेब गोंधळले. "पण दादा, तुम्ही साडूच आहात ना माझे?"

"तेच तर," मी म्हणालो. बाईंचा कीबोर्ड टेबलावर ठेवला, फटींत अजून गिरणीचं पीठ होतं. कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"रुमाल आणलाय का?"