मिस आयोनींची जीभ आणि जड साखर

मिस आयोनी थेलवेल आमच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स आहेत. या बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून कुणाबद्दल बरा शब्द निघाल्याचं कुणाला आठवत नाही. ब्लॅक रिव्हरच्या शाळेत शिकून मी किंग्स्टनला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी बाईंनी दारात अडवलं. "मगरींच्या गावचा ना तू? मग आत येताना पाय पूस."

पण शीर शोधावी ती बाईंनीच, आणि आमचं सगळं काम शिरेवर चालतं. रात्रभर उपाशी ठेवलेल्या माणसाच्या एका हातात आम्ही थेंब थेंब जड साखर सोडतो. तिच्यातल्या काही हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं, म्हणून ती जड. एरवी चवीला, गुणाला साखरच, किरणं-बिरणं काही नाहीत. दुसरा हात उबदार पेटीत ठेवून दर दहा मिनिटांनी रक्त घ्यायचं. यकृत आपली साधी साखर रक्तात ओतत असतंच. दुधात पाणी पडावं तशी जड साखर तिच्यात पातळ होते. जितकी पातळ, तितकी यकृताने जास्त ओतलेली. हे मोजणारं यंत्र माझ्याकडे.

त्या बुधवारी पलंगावर सीबर्ट फेसी होता. हा बाईंचा शेजारी, कुंपणाला कुंपण लागून. शुक्रवारी त्याचे नमुने मी यंत्रात घातले. तीन तास आकडा सरळ, शंभरात दोन जड. चौथ्या तासात घसरला तो पार दीडवर. कुठून तरी साधी साखर शिरली होती. मी कागद डॉक्टर ग्रँडिसनना नेऊन दिला, आणि त्यांना पलंगाशेजारी पाहिलेला बाईंचा थर्मास आठवला. गोड गवती चहाचा.

"उपाशी माणसाला चहा पाजलात, सिस्टर?"

"चहा मी प्यायले. त्याला मी विषसुद्धा पाजणार नाही. फुकट जाईल."

सीबर्टला बोलावून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "दोन कप दिले. मी नको नको म्हणत होतो."

चाचणीत माणसाला खाऊ-पिऊ घातलं की आमच्याकडे नोकरी जाते. बाईंना सोमवारी पत्र मिळणार, असं ठरलं.

त्या तडक माझ्या खोलीत आल्या. "मगरी, विचार तुझ्या डब्याला, मी चहा दिला का."

"साखर आली एवढंच तो सांगतो, सिस्टर. कुठून आली ते नाही सांगत."

"मग तुला पगार कशाचा?"

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "माणूस संतापला तर रक्तात साखर वाढते ना रे?"

"वाढते. यकृत भराभर ओततं."

"मग मीच वाढवली. साखर नाही दिली, शिव्या दिल्या."

बाईंच्या आकीच्या झाडाची फांदी सीबर्टच्या अंगणात गेली होती. फळं तांबडी होऊन उघडत होती, म्हणजे खाण्याजोगी होत होती, ऐन तेव्हा त्याने ती तोडली. आणि बुधवारी तोच सुई टोचून, हलता येणार नाही असा, बाईंच्या पुढ्यात.

"दहा मिनिटं बोलले. आवाज जरासुद्धा चढवला नाही."

"काय बोललात?"

"तुझ्या वयाचं नव्हतं ते."

बाईंची जीभ यकृतापर्यंत पोचते हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं, मोजलं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "सीबर्टचं रक्त फ्रीजरमध्ये आहे. चहा प्यायला असेल तर इन्सुलिन चढलेलं दिसेल. नुसता राग असेल तर शरीर ते दाबून धरतं, खालीच राहील. पण डॉक्टरांना खरं सांगावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. सहकाऱ्यांना त्या सोलून काढत. पण पलंगावरच्या माणसाला बावीस वर्षांत वावगा शब्द बोलल्या नव्हत्या. तेवढा एकच अभिमान होता त्यांना. उठल्या, टोपी नीट केली आणि डॉक्टरांकडे गेल्या.

सोमवारी पत्राऐवजी इन्सुलिनचे आकडे आले. सपाट. दोन कप चहा सोडाच, घोटभरसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, "नोकरी राहील. पण सीबर्टची माफी मागा."

"खोटं तो बोलला."

"त्याआधी तुम्ही त्याला नाही नाही ते बोललात."

"माफी नाही मागणार."

"मग यापुढे चाचणी चालू असताना तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या. "तशीही इथे बोलण्यालायक माणसं कमीच."

त्या बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात वाट बघत उभा होतो. कौतुकाचे दोन शब्द आपल्या वाट्याला येतील, असं उगाच वाटत होतं. "सुटलात ना, सिस्टर?"

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तो पहिला कागद डॉक्टरांना कुणी नेऊन दिला होता?"

"मी."

"मग हो बाजूला."