डाव्या कोपऱ्याची फिर्याद

त्या प्रकरणातला एक छापील फॉर्म अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण संताप आणणारा एखादा कागद आठवायला सांगितला, तर मी याच फॉर्मचं नाव घेईन.

मी तेव्हा जालना शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सोमवारची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक तरुण मुलगी आली, परत बाहेर गेली, पुन्हा आली. अशा माणसाला हाक मारावी लागते, नाहीतर तो तिसऱ्यांदा येत नाही. मी तिला आत बोलावलं.

शहरातल्या एका हाडांच्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. तिथले डॉक्टर कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांवर संशोधन करत होते. खेळताना गुडघा गेलेल्या मुलींचं ऑपरेशन सवलतीत करायचं, पुढे दोन वर्षं त्यांची तपासणी करायची आणि निष्कर्ष मांडायचे. काम चांगलंच होतं.

"मंग तक्रार काय आहे?" मी विचारलं.

"सर, खेळात गुडघा पिळवटतो. आतला स्नायुबंध तुटतो. वाटीवर असा मार बसत नाही. वॉर्डात एक बाई आहे, तिची वाटी फुटलीय, वरची कातडी ठेचलीय. हातावर जुने वळ आहेत, काही काळे, काही पिवळे पडलेले. एका दिवसाचे नाहीत ते. कागदावर मात्र लिहिलंय, खेळताना इजा. गुरुवारी तिला घरी सोडणार आहेत. त्याच घरी."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, तू व्यायाम शिकव."

तिला नोकरीची भीती होती आणि ती तिनं लपवली नाही. नाव द्यायला मात्र कचरली नाही. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि दुपारी महिला हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो.

इथे माझी चूक झाली, ती आधी सांगतो. पलंगाशेजारी नवरा उभा होता. टेंभुर्णीकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी लग्न होऊन शहरात आलेली. नवऱ्याचं बी-बियाण्याचं दुकान. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. मी बाईला प्रश्न विचारत होतो आणि उत्तरं तो देत होता.

"कबड्डीची लई आवड तिला, साहेब. शाळेच्या मैदानावर पोरींसंग खेळायला गेल्ती. पडली. मी म्हन्लं बी होतं, लग्न झाल्यावर कशाला हे धंदे? पण ऐकन तर खरं ना!"

"काय ताई, बराबर आहे का?" मी विचारलं.

तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं. मंग म्हणाली, "खेळताना लागलं."

मी लिहून घेतलं, सही घेतली आणि निघालो. जीपमध्ये हवालदारबाई शेजारी बसल्या. पन्नाशीच्या, बदनापूर तालुक्यातल्या, तोंडानं फटकळ बाई. जीप सुरू होताच म्हणाल्या, "साहेब, राग येऊ देऊ नका. पण आज आपण जबाब नवऱ्याचा घेतला, सही तेवढी बायकोची आणली."

राग आला. पण बाई खरं बोलल्या होत्या. आपल्याकडं बाई दवाखान्यात गेली की नाव-वय सोडून सगळं सोबतचा माणूस सांगतो. डॉक्टर त्यालाच विचारतो, नर्स त्यालाच विचारते. पोलिसानंही तेच करायचं असेल, तर पोलीस हवा कशाला?

मंगळवारी लेखी पत्र देऊन मी दवाखान्यातले कागद मागवले आणि डॉक्टरांसमोर बसलो. माणूस हुशार होता, हात कुशल होता. ऑपरेशन उत्तम केलं होतं, याबद्दल शंका नाही.

"इजेची हकीकत रुग्ण सांगतो, मी लिहितो," ते म्हणाले.

"रुग्णानं सांगितली?"

"नातेवाइकानं."

"वळ पाहिले होते?"

ते चष्मा पुसू लागले. "हे बघा, माझं काम गुडघ्याचं आहे. घरात कोण काय करतं, त्यात मी कुठं पडू? मारहाणीची केस म्हटली की ती अभ्यासातून बाद होते. तिला सवलत मिळाली नसती. मी तिचं भलंच केलं."

"डॉक्टर, तुमच्या अभ्यासाला एक गुडघा कमी पडत होता, म्हणून तुम्ही बाईकडं पाहिलं नाही. संशयित मार दिसला की ठाण्याला कळवायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही तिची वाटी जोडली आणि तीच पुन्हा फोडायला तिला परत पाठवताय."

मी कागद उचलले.

संध्याकाळी संशोधनाचा फॉर्म वाचायला घेतला. चार पानं. कधीपासून खेळता, कोणत्या मैदानावर, बूट घालता का. मैदानावरील जागा: चढाईपटू. इजा कशी झाली: चढाई करून परत येताना पाय घसरला. खाली माहिती देणाऱ्याची सही नवऱ्याची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी कबड्डी शाळेत असताना खेळलो होतो, तेवढंच.

बुधवारी सकाळी नवऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं आणि बाकावर बसवून ठेवलं. तो आला आहे, हे पाहूनच मी आणि हवालदारबाई दवाखान्याकडं निघालो. वॉर्डातल्या इतर माणसांना बाहेर काढलं. मीही दाराजवळच उभा राहिलो. हवालदारबाई पलंगावर टेकल्या.

"आज तो न्हाई इथं. ठाण्यात बसलाय, पंख्याखाली. मी सांगितल्याशिवाय त्याला कुणी उठू देत न्हाई. बोल माय."

ती छताकडं पाहत राहिली. अर्धा तास गेला. शेवटी मी तो फॉर्म काढला आणि केवळ खात्री करायची म्हणून वाचू लागलो. "मैदानावरील जागा, चढाईपटू. चढाई करून परत येताना..."

"कोण म्हन्लं?"

तिनं मान वळवली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात धार होती.

"इथं लिहिलंय."

"मी जल्मात चढाईला गेले न्हाई! मी डावा कोपरा. आठ वर्षं डावा कोपरा. चढाईवाली आली की तिचा घोटा मी धरायची. माझ्या हातातून सुटून गेलेल्या पोरी बोटावर मोजा. जिल्ह्याला खेळले मी, साहेब. शाळेत कुणालाही विचारा."

"मंग चढाईपटू कुणी सांगितलं?" हवालदारबाई हळूच म्हणाल्या.

तिचा चेहरा बदलला. कागद मागून घेतला, सही पाहिली.

"तीन वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "ह्या माणसानं माझा एक डाव बघितला न्हाई. मी कुठं उभी राहायची, हे बी त्याला ठाव न्हाई. आणि माझ्या नावानं लिहून राह्यलाय."

मार तिनं सोसला होता, सासरची अब्रू म्हणून झाकलाही होता. पण आपली जागा चुकवलेली तिला सोसली नाही. त्यानंतर ती थांबलीच नाही. शाळेनं तिला मुलींना शिकवायला बोलावलं होतं. तो नको म्हणाला. ती दोन संध्याकाळी गेली. तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढायची लोखंडी आकडी घेऊन तो घरी आला. मारताना म्हणाला, "बघू आता कशी उड्या मारती."

ठाण्यात परतलो तेव्हा नवरा चहा मागत होता.

"बायको कुठं खेळायची?" मी विचारलं.

"रेडर, साहेब. चढाईला एक नंबर."

"तिचा कोणता सामना पाहिला?"

"तसं... दुकान असतं ना."

"एक तरी?"

तो हसला. "बायकांच्या खेळाला कोण जातं, साहेब?"

मी तिचं म्हणणं वाचून दाखवलं. आधी तो ओरडला, मंग आपल्या मामाला फोन करायचं म्हणाला, मंग घरातली गोष्ट घरात मिटवू म्हणून हात जोडले. आकडी कुठे आहे, हे मात्र त्यानं दुपारपर्यंत सांगितलं. पंचांसमक्ष दुकानातून ती जप्त केली आणि सीलबंद केली.

फिजिओथेरपिस्ट मुलीनं नावासह जबाब दिला. पुढच्याच महिन्यात तिला कामावरून काढलं. तिनं दुसरीकडं काम धरलं, पण साक्षीला आली. डॉक्टरांनी शेवटी लेखी अभिप्राय दिला, की इजा कठीण वस्तूच्या थेट माराची आहे. ते धाडस म्हणायचं, तर दहा दिवस उशिरा केलेलं. मी त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र अहवाल वरिष्ठांकडं पाठवला. समझोत्यासाठी मामा, चुलते, व्यापारी मंडळी सगळी येऊन गेली. ती काठी टेकत प्रत्येक तारखेला कोर्टात आली आणि एकदाही जबाबावरून फिरली नाही. त्याला शिक्षा झाली.

या प्रकरणानं मला जे शिकवलं, ते मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत गेलो. जखमी माणूस बोलू शकत असेल, तर दुसऱ्या कुणाचं तोंड चालू देऊ नका. आणि त्याला नुसतं 'कुणी मारलं' एवढंच विचारू नका. तू कोण आहेस, हेही विचारा. चांगल्या कामाच्या नावाखाली डोळे मिटणारा शिकलेला माणूस मला आकडी उचलणाऱ्याइतकाच गुन्हेगार वाटतो. कायदा तसं मानत नाही. मी मानतो.

त्या बुधवारी वॉर्डातच हवालदारबाईंनी फिर्याद लिहिली आणि रिवाजाप्रमाणे तिला वाचून दाखवली. नाव, वय. "धंदा, घरकाम."

"थांबा," ती म्हणाली. "ते खोडा."

"का गं?"

"कबड्डी लिवा."

डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं, की चालता येईल, मैदानावर उतरता येणार नाही. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. हवालदारबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी आधीचा शब्द एका रेघेनं खोडला, वर नवा लिहिला आणि दुरुस्तीशेजारी सही करायला पेन तिच्या हातात दिलं.