रांगेतले आतोबा

रांगेत उभं राहायला मनापासून आवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही सगळे त्यांना आतोबा म्हणायचो. बाकीचे लोक रांगेत चडफडत उभे असतात. आतोबा लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे खुशीत असत. रांग कशाची आहे हे आधी विचारायची त्यांना गरजच वाटत नसे. एकदा दादरला मला भेटायला निघाले आणि दीड तास उशिरा उगवले. वाटेत रांग दिसली म्हणून उभे राहिले होते, आणि पुढे पोचल्यावर कळलं की ती तान्ह्या बाळांना डोस पाजायची रांग आहे. "मग हो?" मी विचारलं. "मग काय! पुढच्या बाईंना फॉर्म भरता येत नव्हता. दोन बाळं उरकून आलो."

हे खूळ संपानंतरचं. त्याआधी ते लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. संप झाला, गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही, पण सकाळी सातला इस्त्रीचा सदरा घालून तयार व्हायचं काही ते थांबले नाहीत. तयार झालेल्या माणसाला कुठेतरी हजर व्हावंच लागतं. आतोबा सरकारी कचेऱ्यांत हजर व्हायला लागले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात दहा तऱ्हेचे कोरे फॉर्म, गोंदाची बाटली आणि अंगठ्यांसाठी स्टॅम्पपॅड. चाळीतली निम्मी रेशनकार्डं, गिरणीच्या फंडाचे अर्ज, विधवांच्या पेन्शनी, सगळं त्यांच्या हातचं. एखादा रकाना कोरा राहिला की त्यांना जेवण जात नसे. 'अंगावरील ओळखीची खूण' या रकान्यापायी त्यांनी माझ्या वडिलांना भर दुपारी सदरा काढायला लावून पाठीवरचा तीळ शोधला होता.

आणि चौकशा! कारकुनाचं गाव, बदली कधी झाली, डब्यात आज काय आहे, दाढ का धरलीय. शिवडीच्या रेशनिंग ऑफिसातल्या एका कारकुनाला तर ते दाढेसाठी लवंगा घेऊन गेले होते. लाच नव्हे बरं का, निव्वळ कुतूहल. लवंगेनं दाढ थांबते का, हे त्यांना बघायचं होतं.

अशा माणसानं शांतारामला मात्र एक प्रश्न कधीच विचारला नाही. शांताराम त्यांच्याच कोकणातल्या गावचा, गिरणी सुटल्यावर शिवडीच्या गोदामात हमाली करणारा. बायको गावी वारली होती. तो वाळत चालला, खोकू लागला, तेव्हा आतोबांनीच त्याला परळच्या एका सरकारी इस्पितळात नेलं. तपासणीत एचआयव्ही निघाला. कुठून आला, कसा आला, हे विचारायला आख्खी चाळ टपलेली असताना आतोबा म्हणाले, "अर्जात तसा रकानाच नाही."

गोळ्या इस्पितळात फुकट मिळत होत्या. पण त्या रिकाम्या पोटी झेपेनात. पोटाला धान्य हवं म्हणजे रेशनकार्ड हवं, निराधारांची पेन्शन हवी, आणि दोन्हीला राहत्या जागेचा पुरावा हवा. शांताराम राहत होता गावकीच्या खोलीत. गिरणगावात कोकणातल्या बहुतेक गावांची अशी एकेक खोली असायची; गावच्या एकट्या पुरुषांनी मिळून घेतलेली. प्रत्येकाला एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा, भिंतीत एक खुंटी आणि सगळ्यांत मिळून पाण्याचं एक मडकं. आतोबा त्याच चाळीत आत्याबरोबर वेगळं बिऱ्हाड करून राहायचे, पण गावकीचे चिटणीस तेच आणि दिवसातून चारदा त्याच मडक्याचं पाणी पिणारेही तेच. शांताराम इथे राहतो असं गावकीनं सह्यानिशी लिहून दिलं की पुरावा झाला असता. गावकीला मात्र तो खोलीतच नको होता.

रविवारी सकाळी बैठक बसली. आत्याकडे गेलो होतो म्हणून मीही दारात उभा होतो. शांताराम आपल्या ट्रंकेवर मान खाली घालून बसलेला. एकजण म्हणाला, "हेका आता गावाक धाडा. आमका त्या मडक्यातला पाणी पिऊचा आसता." आतोबा समजावू लागले, इस्पितळातल्या बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं: पाण्यानं होत नाही, ताटानं होत नाही, शेजारी झोपल्यानं होत नाही. तेवढ्यात मागून दुसरा उठला. "तुमी ह्येची बाजू घेतलास तां समाजला. मी बघलंय तुमका, त्या गोळ्यांच्या रांगेत, हातात फायल घेवन. तुमका पण आसा की काय तां?"

खरी गोष्ट मला ठाऊक होती, निदान ठाऊक आहे असं वाटत होतं. शांतारामला उभं राहवत नसे, म्हणून आतोबा त्याची फाइल धरून त्याचा नंबर लावत आणि तो बाकावर बसून राही. एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. आतोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"तां कोणी कोणाक सांगूचा नसता," ते म्हणाले. "पण आसा, असा धरून चला. मग दोघांकाय काढा. ठराव मीच लिवतंय, तुमचा अक्षर कोणाक वाचूक येवचा नाय."

आणि पिशवीतून खरोखरच कागद काढून लिहायला बसले. आता खोलीतले सगळे जण मडक्याकडे बघू लागले. इतकी वर्षं आतोबांबरोबर त्यातलंच पाणी प्यालेले लोक. त्यात तिथे ज्याचा अर्ज आतोबांनी लिहिला नव्हता असा एकही नव्हता. अखेर सगळ्यांत म्हातारा होता तो पुटपुटला, "ट्रंक आसा थय ऱ्हवांदे. खंय सही करूची ती दाखवा." ठरावाच्या कोऱ्या कागदावर राहण्याचा दाखला लिहिला गेला. चौदा सह्या आणि तीन अंगठे. शांतारामला रेशनकार्ड मिळालं, पुढे पेन्शनही.

आतोबांना काय मिळालं? संशय. 'नाही' हा शब्द त्यांनी कधीच उच्चारला नाही, त्यामुळे संशय फिटलाही नाही. आत्याची हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. नाक्यावरचा न्हावी त्यांना बघून दुकान बंद करायला लागला, तेव्हा ते खुशाल दाढी वाढवून हिंडले. आणि मी? मी बँकेत नोकरीला, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा. पाण्यानं, कपानं काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक. तरी त्यानंतरच्या पहिल्या खेपेला आत्यानं चहा पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको गं, आत्ताच घेऊन आलो." आतोबांनी माझ्याकडे बघितलं. कुठे घेतलास, कोणाकडे, साखर किती होती, अशा चार प्रश्नांची मी वाट बघत होतो. त्यांनी एकही विचारला नाही. पुढल्या वेळी आत्या स्टोव्हकडे वळली तर तेच म्हणाले, "राहू दे, त्याला नको असतो." मला लाज वाटली, पण इतकीही नाही की कप उचलावा. असं दोन-तीन वर्षं चाललं.

मग एका सकाळी, सातला, सदऱ्याची बटणं लावता लावता आतोबा गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. इस्पितळातल्या त्या रांगेतली माणसं आली होती, बायका आल्या होत्या, आम्हा नातेवाइकांपेक्षा जास्तच. शांतारामनं खांदा दिला. आता तो अंगानं चांगला भरला होता.

महिन्याभरानं आत्याला भेटायला गेलो. मीच म्हणालो, "आत्या, चहाचं तेव्हा माझं चुकलं. त्यांना लागलं असेल."

"लागलं ना," आत्या म्हणाली. "पण तुझ्यावर रागावले नाहीत हो. म्हणायचे, शिकलेला आहे, त्याला जरा वेळ लागेल."

वेळ लागला, हे खरंच. हल्ली गेलो की मी चहा मागून घेतो, आत्या बशी भरून देते. पण ज्यांनी बघायला हवं होतं ते आता नाहीत. आणि त्यांना खरंच काही होतं की नव्हतं, हे मी आत्याला अजूनही विचारलेलं नाही.