एका बुटातले तांडेलबाबा

बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरचे तांडेलबाबा कुणालाही ओळखायचं झालं की आधी नाक बघत. पहिल्या भेटीत माझ्या नाकाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "सांगलीकडची." मी साताऱ्याची. वडील बोईसरच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही बेटेगावात राहत होतो. "मग शेजारचीच," बाबा म्हणाले. आपण चुकलो असं त्यांना वाटलं नाही.

आयुष्यभर बोट चालवलेले बाबा गुडघे गेल्यावर दारात बसून जाळी विणत. मी पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रकल्प किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा होता, त्यामुळे माझे रविवार बाबांच्या दारात जात.

एका जुलैत वादळानंतर वाळूत एक काळपट तपकिरी पक्षी सापडला. उभा राहत नव्हता, पोटावर सरकत होता. अंगाला तेलकट, कुबट वास. मी तो घरी नेला. आईनं आणि मी त्याला शांपूनं स्वच्छ धुतलं आणि पाय मोडले असतील म्हणून त्यांना आइस्क्रीमच्या काड्या बांधल्या. सकाळी टोपलीतून बाबांकडे नेला तेव्हा मला बराच अभिमान वाटत होता.

बाबांनी नाक पाहिलं. चोचीवर दोन बारीक नळ्या होत्या. "खोल दर्यातला हाय. खारं पाणी पितो, मीठ या नळीतून टाकतो. याला जमिनीवर उभं राहताच येत नाय. पाय चांगले हायत, काड्या सोड." मग त्यांनी त्याच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब पिसांत मुरला.

"धुतलंस याला?"

"शांपूनं."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "आमी होडीला तेल चोळतो ते काय वासासाठी? तू याच्या होडीला भोक पाडलंस, पोरी. आता दर्यात सोडला तर बुडेल."

फेस संपेपर्यंत आम्ही त्याला पागोळ्यांखाली धरलं. पिसांना पुन्हा तेल लावायचं काम आता त्याचं, असं बाबा म्हणाले. पण पक्षी टोपलीत धडपडत राहिला. खाडीतली बारीक मासळी पुढे केली, तिला शिवलाही नाही.

कॉलेजातल्या पुस्तकात मी वाचलं की हे पक्षी समुद्रावरच राहतात, अंडं घालायला तेवढे दूरच्या बेटांवर येतात आणि तिथे जमिनीत बीळ करतात. बाबांना सांगितलं.

"बिळात? उंदीर हाय काय तो?"

त्या संध्याकाळी पक्षी टोपलीतून निसटला आणि दाराशी आडव्या पडलेल्या बाबांच्या गमबुटात शिरला. तिथे तो शांत झाला. पुढे केलेला मासा त्यानं आतूनच घेतला. बाबांनी बराच वेळ पाहिलं. "पुस्तक बरोबर हाय," ते म्हणाले.

त्यानंतर बारा दिवस बाबा चिखलातून एका पायात बूट घालून फिरले. "दुसरा पण त्यालाच द्या," बाबांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "लोक हसतात." बाबा म्हणाले, "त्याला एकच लागतो."

मी रोज जायचे. पक्षी बुटाबाहेर येऊन पिसं चोचीनं विंचरत बसलेला असे. बाबा पाठीवर थेंब टाकत आणि मान हलवत, "नाय." तेराव्या दिवशी थेंब मोत्यासारखा घरंगळला. आम्ही त्याला खडकांवर नेलं. आधी डबक्यात ठेवलं, तो तरंगला. मग वाऱ्याकडे तोंड करून बाबांनी हात उघडले. पक्षी दोन लाटांच्या मधे पडला आणि दिसेनासा झाला. मी लाटा मोजत राहिले. चौथ्या लाटेपलीकडून तो वर आला, पंख ताठ, एकदाही न फडफडवता.

प्रकल्प लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवला. नळ्या, बीळ, उड्डाण, सगळं होतं.

"तू धुतलंस ते कुटं हाय?"

"गुण जातील, बाबा."

"जातील," ते म्हणाले. "लिव."

लिहिलं. गुण गेले.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी आता शाळेत शिकवते आणि दर जुलैत पक्षी धुतल्याचं ते एक पान वर्गात वाचते. मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. "बाई, दर्यावर एक पाखरू गावलंय. लय वास मारतंय. आमी धुतलं नाय. पुढं काय करायचं?"