करवतीचा वाटा

ऐंशीच्या दशकात मी भिवंडीच्या एका शाळेत भूमिती शिकवायचो. हेडसर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या फोटोला चौकट हवी होती. बाकं दुरुस्त करायला तेव्हा खारबावहून एक सुतार यायचा. कापण्याआधी तो करवतीच्या दातांवरून मांजर गोंजारावं तसा अंगठा फिरवायचा. त्याला मी सागवानी पट्टीवर चार सारखे भाग आखून दिले, रेघा पंचेचाळीस अंशांत तिरक्या.

"मास्तर, मधी जरा जागा सोडा. करवत बी लाकूड खाते."

"रेषेला जाडी नसते," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं.

त्याने मान डोलावली, तिरक्या खाचांच्या पेटीत पट्टी धरली आणि बरोबर माझ्या रेघांवर कापली. तुकडे एकमेकांशी जुळेनात.

"रेघंला नसंल," तो हळूच म्हणाला, "करवतीला हाय."

मग त्याने सगळे तुकडे सर्वांत आखूड तुकड्याएवढे केले. मी फोटो कातरला, त्यात हेडसरांच्या टोपीची कड गेली.

समारंभात हेडसरांनी चौकटीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "केसभर फट नाही! भूमितीचे शिक्षक हाताशी असले की असं काम होतं."

खरं सांगायला मी उठलो, पण टाळ्या सुरू झाल्या. दाराशी उभा असलेला सुतार सगळ्यांत जोरात वाजवत होता.